दुसऱ्या कंपनीची पिन

माझ्या टेबलाच्या खणात प्रिंटरचे, स्पीकरचे, मोडेमचे अडॅप्टर पडलेत. एकाची पिन दुसऱ्याला लागेल तर शपथ. वीज तीच, पण ज्याचं त्याचं तोंड निराळं. मुलगा म्हणतो, "टाकून द्या ना बाबा." मला मात्र तो खण उघडला की संताप येतो, आणि संतापामागोमाग साखरखेर्ड्याचं आमचं घर आठवतं.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. गावात वीज आली नव्हती. रेडिओ चाले जाडजूड कोरड्या बॅटरीवर. तिला चार भोकं आणि रेडिओच्या वायरीला चार पिनांचा प्लग. थोरला भाऊ गाण्यापायी भांडून नागपूरला गेला होता आणि वडिलांपुढे त्याचं नाव काढायची सोय नव्हती. मग वडिलांनी अंथरूण धरलं. त्यातच निरोप आला, की भाऊ उद्या सकाळी रेडिओवर अभंग गाणार.  वडील म्हणाले, "बॅटरी उतरली हाय नं? नवी आणा. आयकू तं द्या, काय गाऊन राह्यला थो."

मामा देऊळगाव राजाला जाऊन बॅटरी घेऊन आला. आमच्या कंपनीची संपली होती. दुकानदारानं दुसरी दिली, ताकद तीच म्हणाला. ताकद तीच होती. भोकांची मांडणी तेवढी वेगळी, त्यामुळे आमचा प्लग बसेना. गिऱ्हाईक बांधून ठेवायची रीत, दुसरं काय! आणि शेवटची एस्टी निघून गेली होती.

मामा ट्रकवर काम केलेला. "काऊन घाबरतं बाई, करंट तं करंटच असते," असं आईला म्हणत त्यानं प्लगच कापून टाकला. ट्रकच्या बॅटरीला दोनच टोकं. लालले लाल, काळ्याले काळी, एवढंच त्याला ठाऊक. इथे तारा चार होत्या. बॅटरीच्या खोक्यात खरं तर दोन बॅटऱ्या, एक जोरकस आणि एक मवाळ. नव्या कंपनीनं लाल खूण जोरकस बॅटरीला दिली होती, आमच्या रेडिओची लाल वायर मवाळ बॅटरीसाठी होती.

सकाळी वडिलांना उशीला टेकवून बसवलं. मामानं कळ फिरवली. आतले काचेचे व्हॉल्व्ह एकदा लख्ख उजळले आणि कायमचे गेले.

"सुरू झालं काय?" वडिलांनी विचारलं. मामा कळ पुन्हा पुन्हा फिरवत राहिला. आमच्या आळीत दुसरा रेडिओ नव्हता. कार्यक्रमाची वेळ टळून गेली तरी ते त्या डबड्याकडे कान लावून बसून राहिले. मला ते बघवेना. त्याच आठवड्यात ते गेले.

भाऊ पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. आई त्याच्या गळ्यात पडली. "आयकलं रे त्यायनं, पुरं आयकलं. रडले."

भाऊ कोनाड्यातल्या रेडिओकडे पाहत होता. मागचं झाकण उघडंच राहिलं होतं, कापलेल्या वायरी बाहेर लोंबत होत्या.

"हो माय," तो म्हणाला. मग उठला, वायरी आत सारल्या आणि झाकण लावून टाकलं.