असं कुठं लिहिलंय?

सोपान गुरुजी वाईट माणूस असते, तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती. पण माणूस लाखात एक. मंचरजवळच्या बागायतदार घरातले, घरी बटाट्याची वखार, तरी नोकरी केली ती डोंगरातल्या जांभूळवाडीच्या शाळेत. तिथं बदली झाली की बाकीचे मास्तर पुढाऱ्याच्या दारात जाऊन बसायचे. हे आठवडाभर वाडीतच मुक्काम ठोकायचे.

ब्याण्णव साली त्यांनी पदरमोड करून पुण्याहून चित्रांची पुस्तकं आणली. वाडीतल्या पोरांनी रंगीत चित्र पाहिलेलं ते कॅलेंडरवरच्या देवाचं. पोरं अशी तुटून पडली की गुरुजींना भाकरी खायची उसंत मिळेना. त्यातली कोंडाबाईची मोहिनी तर येडीच झाली. दुसरीतली पोर, पण मधल्या सुट्टीतसुद्धा करडाच्या गोष्टीचं पुस्तक मांडीवरून उतरवायची नाही. धाकट्या भावाला शेजारी बसवायची आणि ओळीखाली बोट फिरवत वाचून दाखवायची.

एकदा गुरुजी मागं उभे राहून ऐकू लागले. पुस्तकात छापलं होतं, "आई म्हणाली, बाळा, तिकडे एकटा जाऊ नकोस." मोहिनी वाचत होती, "आय म्हनली, बाळा, तकडं येकला जाऊ नको." पुढं छापलं होतं, "करडू फार घाबरले होते." मोहिनीनं वाचलं, "करडू लई भ्यालं व्हतं."

"असं कुठं लिहिलंय?" गुरुजींनी विचारलं.

"हे काय," म्हणून तिनं बरोब्बर त्याच ओळीवर बोट ठेवलं.

आता यात कळायचं ते कळायला नको? पण नाही. गुरुजींनी ठरवून टाकलं की पोर चित्र बघून ठोकून देतेय. चित्रांच्या नादानं सगळी पोरं अक्षराला मुकणार. झालं. रविवारी त्यांनी घरी खळ शिजवली, खाकी कागद कापले आणि एकूण एक चित्रावर चिकटवले. अगदी मन लावून, कडा दाबून दाबून.

सोमवारी मोहिनीनं पुस्तक उघडलं, पानं उलटीपालटी केली. "गुरुजी, करडू कुठं गेलं?"

"अक्षरांत आहे. जसं लिहिलंय तसंच वाच. इकडचं तिकडं नको."

ती वाचू लागली. अडखळत, भीत भीत, पण छापलं होतं तसं. गुरुजींनी पाठ थोपटली. भाऊ मात्र मधेच उठून गोट्या खेळायला गेला. मोहिनीनं पुस्तक शाळेच्या पेटीत ठेवलं ते पुन्हा काढलं नाही. धडा म्हण म्हटलं की म्हणायची, तेवढंच. चौथीनंतर आश्रमशाळेत जायची वेळ आली तर म्हणाली, मला न्हाई जायाचं. गुरुजी कोंडाबाईला समजावून आले. पोरीलाच गोडी नाही त्याला आपण काय करणार, असं म्हणून त्यांनी विषय सोडला.

वर्षं गेली. गुरुजी घराजवळच्या शाळेत आले, निवृत्तीला टेकले. त्यांची आई साळुबाई शाळेची पायरी न चढलेली, तिला रोज सकाळी पेपर वाचून दाखवायचा त्यांचा नेम. दोन हजार नऊ साली एका सकाळी बातमी होती, खोडदच्या अंगाला उसात बिबट्या दिसल्याची. गुरुजी वाचत होते, "समदे लोक लई भ्याल्यात, रानात पानी द्यायला कुनी जाईना."

नात समृद्धी खांद्यावरून डोकावत होती. "आबा, असं कुठं लिहिलंय? इथं तर 'घबराटीचे वातावरण' लिहिलंय."

"अगं, तेच ते. आईला कळायला नको का?" गुरुजी बोलून गेले. मोहिनी आठवली. पोर वाचत होती की. छापलेलं सगळं कळून, भावाला कळेल असं वाचत होती. आणि आपण तिला गप्प केलं.

"वाच की रं, का थांबला?" साळुबाई म्हणाली. पण त्यांच्याच्यानं पुढं वाचवेना.

चौकशी करत करत ते जुन्नरच्या पश्चिमेला, आपटाळ्याच्या पुढं, मोहिनीच्या सासरी गेले. पिशवीत हत्तीच्या गोष्टीचं नवं पुस्तक. मोहिनी पाया पडली, चुलीवर कोरा चहा ठेवला. तिची लहानगी पोर संस्कृती पुस्तकावर झडप घालून आईच्या मांडीत येऊन बसली. "आये, वाच."

गुरुजी जीव कानात आणून बसले. मोहिनीनं पदर सावरला, ताठ बसली. "हत्ती, नदीकडे, निघाला. त्याला, फार, तहान, लागली, होती." एक अक्षर चुकलं नाही. पोरगी आईच्या तोंडाकडं बघत राहिली, मग चुळबुळ करू लागली.

"मोहिनी, बाई, तुझ्या बोलीत वाच की. लई तहान लागली व्हती, असं म्हण. तेव्हा माझंच चुकलं."

"असं कसं, गुरुजी?" मोहिनी हसली. "लिवलंय तसंच वाचाया पायजे. तुमीच तर शिकवलं. मला येवढंच तर नीट येतं."

संस्कृती मांडीवरून उतरून अंगणात पळाली. मोहिनीनं पुस्तक मिटलं, पोरीनं फाडू नये म्हणून वर फळीवर ठेवलं आणि चहा गाळायला घेतला.

"पुढल्या साली हिला शाळंत घालायची हाये," ती म्हणाली. "हिला बी तुमच्यावानीच गुरुजी मिळायला पायजेत." आणि हे ती अगदी मनापासून म्हणाली.