तळहातापेक्षा लहान नाय!

मासळी बाजारासमोर धंदा करणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी न मागता जमा होतात. वास आणि किस्से. वास साबणाने जातो. किस्से मात्र अंगाला चिकटतात ते चिकटतातच, आणि चार मित्र जमले की एकाला धरून दुसरा बाहेर येतो. मग चहा गार होतो, बायकोचे तीन निरोप येऊन जातात, आणि आपण म्हणतो, "थांबा रे, हा शेवटचा!"

आमचा बर्फाचा कारखाना महाडला, मच्छी मार्केटच्या अगदी तोंडावर. आम्ही पक्के शाकाहारी. घरात मासा चालत नसे, पण घर माशावरच चाले! वडील म्हणजे अप्पा, धोतर आणि काळी टोपी घालून गल्ल्यावर बसायचे आणि मार्केटकडे पाठ करून बसायचे. "गिऱ्हाईक देव आहे, पण देवाच्या हातात काय आहे ते बघायची गरज नाही," म्हणायचे.

पुण्याचे पाहुणे विचारत, "महाडला कुठे आलाय समुद्र?" अहो, समुद्र नसेल, पण दासगावपर्यंत खाडीला भरती येते, आणि बाकीचा समुद्र बंदरावरून गफूरभाईच्या टेम्पोतून येतो. बंदरावर मासा कमी आला की आमच्याकडे बर्फाच्या लाद्या पडून राहायच्या. नव्वद सालानंतर त्या वरचेवर पडून राहायला लागल्या. समुद्राचं काहीतरी बिनसलंय हे आम्हा शाकाहारी माणसांना असं घरबसल्या कळलं.

या सगळ्या किश्श्यांच्या मध्यभागी हिरामावशी. दासगावची. मार्केटात शिरल्याबरोबर पहिला ओटा तिचा, तिच्या सासूचा, सासूच्या सासूचा. आता त्यावर सून सुनंदाला बसवायची, एवढाच तिचा हट्ट. पण मुलगा दिलीप बंदरावर खलाशी होता, आणि बोटी रिकाम्या येताना रोज बघत होता. तो दर खेपेला म्हणायचा, "आये, धंदा संपला. ओटा सोड. मी सुनंदाला घेऊन मुंबईला जातो."

"तू जा. ती ओट्यावर बसल," मावशी म्हणायची.

"आणि इकल काय?"

यावर मावशी कोयत्याला धार लावायची.

*

पावसाळ्यात समुद्रातली मासेमारी बंद असते. त्या दिवसांत आमच्या मार्केटात खाडीचा मासा, चिंबोऱ्या आणि सुकट. नारळी पुनवेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय समुद्राचा मासा पाटीत ठेवायचा नाही, हा बायकांचा नियम. सरकारची बंदी नंतरची, बायकांची आधीची!

गटारीच्या आदल्या दिवशी एक बदलून आलेले साहेब मार्केटात आले. बरोबर शिपाई, शिपायाच्या हातात ही मोठी पिशवी. साहेबांना सुरमई हवी होती.

"सुरमय नाय. बंदी हाय," मावशी म्हणाली.

"अहो, पलीकडच्या तालुक्यात चोरून मिळते!"

"मंग चोराकडं जा."

शिपाई खोकला. साहेबांनी आवाज चढवला. "बंदी-बिंदी मला सांगू नका. एका सुरमईनं काय समुद्र आटणार आहे?"

मावशी शांतपणे म्हणाली, "साहेब, तुमच्या हापिसात बाय बाळंत झाली तर रजा देता ना? तिला खुर्चीवरनं उठवून भरल्या पोटानं कामाला लावता काय? ह्या पण बाळंतपणाच्या रजेवर हायत!"

साहेब सुकट घेऊन गेले. पुढे त्यांची बदली होईपर्यंत ते मार्केटात आले की आधी विचारायचे, "मावशी, रजा संपली का?"

*

गफूरभाईचा मेहुणा सलीम दुबईला. सुट्टीवर आला की अर्ध्या मोहल्ल्याला अत्तर, घड्याळं, बिस्किटाचे डबे. एका वर्षी त्याने बहिणीसाठी खास भेट आणली. थर्माकोलच्या पेटीत, बर्फात गोठवलेली, चकचकीत पाकिटातली कोळंबी! अंगठ्यापेक्षा जाड. मोहल्ला बघायला लोटला.

"बघा, फॉरेनचा माल!" सलीम म्हणाला. "आपल्याकडे असली मिळते कुठे?"

गफूरभाई पाकीट घेऊन आमच्या कारखान्यावर आला. त्याला इंग्रजी वाचता येत नसे. "अरुणभाय, वाचा जरा. कुठल्या मुल्कची हाय?"

मी पाकीट उलटं केलं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'भारतात उत्पादित'.

गफूरभाईने पाकीट माझ्या हातातून ओढून घेतलं. मग भडकला. "बंदरावर मी विचारतो, मोठी कोळंबी कुठाय? ते सांगतात, एक्स्पोर्टला गेली. आपल्याला राहिला चुरा! आणि ही बया विमानात बसून गेली, विमानात बसून आली. मी इतकी वर्षं पासपोर्ट काढून बसलोय, मला कोण विचारत नाय!"

*

गफूरभाईचा टेम्पो महाडहून पोलादपूर आणि पुढे आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरच्या हॉटेलांना जायचा. घाटात धुकं असं की पुढच्या गाडीचा लाल दिवा धरून जायचं. पण गफूरभाईने कधी हॉटेलवाल्याला उशीर केला नाही. त्याचा तो अभिमान होता.

एकदा बंदरावर पापलेटच नव्हतं. होतं ते बोटभर. बारीक आसाच्या, म्हणजे बारीक भोकांच्या, जाळ्यात सगळी पिल्लं उचलून आणलेली. रिकामा टेम्पो कसा नेणार, म्हणून गफूरभाईने नाइलाजाने एक खोका घेतला आणि घाट चढला. वाटेत मॅनेजरला कसं तोंड दाखवायचं याचीच काळजी.

मॅनेजरने खोका उघडला आणि खूश झाला! "अरे वा! हेच पाहिजे होतं. आता हेच आणायचं." आणि त्याने छापलेलं नवं मेनूकार्ड पुढे केलं. वरच ठळक अक्षरात, 'बेबी पापलेट फ्राय. आमची खासियत!'

"म्हणजे बच्चा?" गफूरभाईने विचारलं.

"बेबी. पब्लिकला आवडतं. एका घासात एक."

गफूरभाईने खोक्याचं झाकण लावलं, खोका खांद्यावर घेतला आणि टेम्पोत परत ठेवला.

"अरे, कुठे चाललास?"

"बेबीला घरी नेतो, साब," गफूरभाई म्हणाला. "अम्मा शोधत असंल!"

ते हॉटेल त्या दिवसापासून हातचं गेलं. गफूरभाईचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं ते.

*

तो खोका महाडला परत आला आणि मावशीसमोर उघडला गेला. मावशीने एक पापलेट उचलून तळहातावर ठेवलं. तिचा हात म्हणजे काय सांगू, सुपाएवढा! त्यावर ते पिल्लू रुपयाच्या नाण्यासारखं दिसत होतं.

"हिनं अजून एकदाबी अंडी घातली नसंल," मावशी म्हणाली. "हिला आज इकली तर माझ्या सुनंनं उद्या काय इकायचं? दगड?"

त्याच दिवशी बायकांनी ठरवलं, तळहातापेक्षा लहान पापलेट या मार्केटात विकायचं नाही. पण तळहात कोणाचा? इथे भांडण! प्रत्येकीचा हात वेगळा. बंदरावरून माल पाठवणारा आणि आमच्याकडून सगळ्यात जास्त बर्फ नेणारा जो व्यापारी होता, त्याला आम्ही सगळे नुसतं 'शेठ' म्हणायचो, त्याने तर आपल्या काटकुळ्या दिवाणजीचा हात पुढे केला. "हा पण तळहातच आहे की!"

मावशीने आमच्याकडून वाटीभर गेरू नेला, पाण्यात कालवला, हात बुडवला आणि मार्केटच्या पहिल्या खांबावर थाडकन उमटवला. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत.

"हे माप. ज्याला पटत नाय त्यानं भाजी इकावी."

भाजीवाल्यांनी नंतर या वाक्याला रीतसर हरकत घेतली, पण माप कायम झालं.

*

पुढे निवडणूक लागली. आचारसंहितेचं पथक गावभर फिरून भिंतीवरची चिन्हं पुसत होतं. मार्केटात शिरलं आणि समोर खांबावर लालभडक हात!

"कोणी काढलं हे चिन्ह?"

"चिन्ह नाय. माप हाय," मावशी म्हणाली.

"कसलं माप?"

"पापलेटचं."

पथकातला तरुण माणूस हसू दाबत होता, पण मुख्य साहेब कडक. त्यांनी खांबाला वर्तमानपत्र चिकटवायचा हुकूम दिला. "मतदान होईपर्यंत हात झाकलेला राहिला पाहिजे!"

मावशीने आपले दोन्ही हात पदराखाली घेतले आणि म्हणाली, "मंग आता मासं कोण कापणार? हेबी तेच हात हायत. कापून पेटीत ठिवू काय, मतमोजणीपर्यंत?"

खांबाला कागद लागला. मोजमाप थेट मावशीच्या हातावर सुरू राहिलं. रांग लागायची!

*

कुठल्याशा संस्थेने महाडला परिसंवाद भरवला. विषय, 'सागरी मत्स्यव्यवसाय : आव्हाने आणि भवितव्य'. समुद्र सोडून महाडला का? तर पाहुण्यांना हायवेवरून बरं पडतं! हिरामावशी आणि गफूरभाईला आमंत्रण. मावशी नव्या लुगड्यात, गफूरभाई ईदच्या शेरवानीत.

मुंबईचे एक वयस्क शास्त्रज्ञ बोलले. माणूस कळकळीचा. बारीक आसाची जाळी, यांत्रिक बोटींची चढाओढ, खाडीत सुटणारं घाण पाणी, परदेशी जाणारा चांगला माल, सगळं सांगितलं. पुन्हा पुन्हा सांगितलं, की अजून वेळ गेलेली नाही.

गफूरभाई माझ्या कानाशी लागला. "खरं बोलतो माणूस. पण आपल्याला कशाला सांगतो? आपण तर टेम्पोवाले! त्या जाळीवाल्याला हितं बसव ना, पहिल्या खुर्चीवर!"

दुपारी जेवण. आचाऱ्याला सुरमईची आमटी सांगितली होती. पण बंदरावर त्या दिवशी सुरमईच लागली नव्हती. ताटात आलं पनीर!

शास्त्रज्ञांनी पनीरचा एक तुकडा उचलून पाहिला. मग संयोजकांना म्हणाले, "पुढच्या वेळी मला बोलवू नका. नुसतं हे ताट स्टेजवर ठेवा."

जेवण झाल्यावर ते मुद्दाम मार्केटात आले. खांबावरच्या हातावर त्यांनी आपला हात ठेवून बघितला. लहान पडला. ते खूप हसले आणि मावशीला नमस्कार करून गाडीत बसले.

*

आणि आता हा. हा मी नेहमी शेवटी सांगतो.

शेठला खांबावरचं ते माप फार झोंबलं होतं. त्याचा सगळा माल बारीक. एका हंगामात त्याने निरोप धाडला, "महाडने बारीक माल उचलायचा. नाहीतर मोठाही बंद." आणि खरंच बंद केला. बंदरावरचा लिलाव त्याच्या मुठीत, गफूरभाईला कोणी मासा देईना. टेम्पो रिकामा यायला लागला. बायकांच्या पाट्या कोरड्या. घराघरांतून कुरबूर सुरू झाली, "मावशीच्या हट्टापायी आपण मरायचं काय?" मावशी कोयत्याला धार लावत बसायची. मला तेव्हा तिच्याबद्दल भीती वाटायची, की ही आता मोडणार.

बुधवारी, बाजाराच्या दिवशी, शेठ स्वतः टेम्पो घेऊन आला. टेम्पोभर पापलेटची पिल्लं. म्हणाला, "उधारीवर घ्या, पैसे कधीही द्या." ऊन चढत होतं, टेम्पोतून पाणी गळत होतं. त्याला बर्फ हवा होता, म्हणून आधी आमच्याकडे आला.

अप्पांच्या मागे लाद्यांची थप्पी ढळढळीत दिसत होती. अप्पा जन्मात खोटं बोलले नव्हते. त्यांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "बर्फ आहे. पण तो मोठ्या माशाचा आहे."

"बर्फाला लहान-मोठं असतं?"

"आमच्याकडे असतं."

अप्पा आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक घालवत होते, आणि मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं!

शेठ तणतणत मार्केटात गेला. मी मागोमाग. बघतो तर प्रत्येक ओटा धुतलेला, उदबत्ती लावलेली, बायका रांगेत बसलेल्या, आणि समोर पाट्या रिकाम्या. पहिल्या ओट्यावर मावशी नव्हती. ती खाली, खांबाला टेकून बसली होती. ओट्यावर सुनंदा. जिचा आवाज मार्केटात कोणी ऐकला नव्हता ती सुनंदा. आणि शेजारी दिलीप उभा, हातात रेक्झिनची बॅग. दुपारच्या एसटीने बायकोला मुंबईला न्यायला आला होता.

"बघ पोरी," शेठ तिलाच म्हणाला. "सासूचं ऐकशील तर उपाशी मरशील. बाहेर टेम्पो भरलेला आहे. बोल, उतरवू?"

सुनंदा सासूकडे बघायला लागली. मावशी दुसरीकडे बघत होती.

तेवढ्यात आमच्या आळीतले निवृत्त हेडमास्तर पिशवी घेऊन आले. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. नेहमीसारखं विचारलं, "काय गो, आज काय आहे?"

सुनंदाने पदर खोचला.

"आज काय नाय, मास्तर," ती म्हणाली. आवाज असा खणखणीत, की मागच्या ओट्यावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. "पापलेट आलंय, पण ते अजून ल्हान हाय. मोठं झालं की या. मी हितंच हाय!"

मास्तरांनी शेठकडे बघितलं, बाहेर गळणाऱ्या टेम्पोकडे बघितलं. मग ओट्यावरच्या खिळ्याला आपली पिशवी अडकवली.

"राहू दे इथंच तोवर. उगाच ने-आण कशाला?"

त्यांच्यामागे उभ्या असलेल्या बाईने तिची अडकवली. मग शिंपी. मग दवाखान्यातल्या नर्सबाई. मग मोहल्ल्यातल्या दोघीतिघी. शेठ उभा राहून बघत होता. टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा खिळ्यावर आणखी एकही पिशवी मावत नव्हती.

दिलीपने एकदा खिळ्याकडे बघितलं, एकदा बायकोकडे. मग वाकून आपली बॅग ओट्याखाली सरकवली.