लाल दोऱ्याचा कप

सहल हा शब्द ऐकला की माझं डोकं अजून फिरतं. आमच्या घरच्यांनी त्या एका शब्दाखाली माझ्या बहिणीचं आजारपण झाकून ठेवलं होतं.

पन्नास सालानंतरची गोष्ट. आम्ही अंधेरीला राहत होतो. माझ्याहून मोठ्या ताईला क्षय झाला. डॉक्टर स्पष्ट म्हणाले, दवाखान्यात ठेवा, आता इंजेक्शनं निघाली आहेत, पोरगी वाचेल. पण क्षयाच्या दवाखान्यात मुलगी ठेवली की सगळीकडे बोभाटा होणार, आणि इकडे माझं लग्न जुळत आलेलं. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, तोड काढली. ताईला मोकळी हवा द्यायची, पण सहल म्हणून. आगगाडीत ती खोकली तर लोक बघतील, म्हणून जन्मात कधी टांगा न केलेल्या माणसाने चक्क भाड्याची मोटार ठरवली. कचेरीतल्या कुणाकडून तंबू आणला. बोरिवलीच्या जंगलात मुक्काम, मग घोडबंदरवरून ठाण्याच्या बाजूने येऊर, आणि मुलुंड-पवईवरून परत, अशी जंगलाला प्रदक्षिणाच.

निघताना शेजारच्या काकूंनी लाडवांचा डबा दिला. "मज्जा आहे बाई तुमची!" म्हणाल्या. ताई गाडीतून हसली. तिला हसायला घरून सांगितलेलंच होतं.

घरी ताईची भांडी वेगळी असत, आई ती राखेने घासून उकळत असे. सहलीत तसं केलं तर ड्रायव्हरला संशय येईल, म्हणून आईने सगळे कप एकसारखे घेतले आणि ताईच्या कपाच्या कानाला लाल दोरा बांधला. ही अक्कल आईची. तेव्हा मला ती हुशारी वाटली होती.

ड्रायव्हर मालवणकडचा, बोलघेवडा. वाटेत त्याने आपल्या मुलाचं कौतुक लावलं होतं. "आता रांगाक लागलो हा. मी घराक गेलंय की आधी माझ्या अंगार चढता." ताईने त्याला खोदून खोदून विचारलं, दात आले का, काय खातो. लहान मुलांचं तिला फार वेड होतं.

कान्हेरीच्या लेण्यांच्या अलीकडे ओढ्याकाठी तंबू लागला. मार्गशीर्षातली थंडी होती. कापडातून दव गळायचं आणि ताई गोधडीत तोंड खुपसून खोकायची. सकाळी अण्णा तिला बाहेर बसवून म्हणत, "दीर्घ श्वास घे. बघ कशी शुद्ध हवा आहे." तिला साधा श्वास पुरत नव्हता.

येऊरच्या मुक्कामाला ड्रायव्हर म्हणाला, आज चहा मी करतो, वहिनींनी बसावं. आई त्याला नाही कसं म्हणणार? त्याने चहा ओतला, सगळ्यांच्या हातात दिला आणि उरलेला स्वतःसाठी उचलला. लाल दोऱ्याचा.

आईने माझ्याकडे पाहिलं. मी अण्णांकडे. अण्णा झाडाकडे बघत होते. आदल्या दिवशीच आईला ते कप घाईघाईत ओढ्याच्या पाण्यात नुसते विसळताना मी पाहिलं होतं. कप त्याच्या ओठांशी गेला.

"दादा, पिऊ नका," ताई म्हणाली. "तो माझा कप आहे. मला क्षय आहे."

तिचा आवाज शांत होता. ड्रायव्हरने कप खाली ठेवला आणि चहा मातीत ओतला. मग अण्णांना म्हणाला, "माका आधी सांगूक होया होता. घराकडे बाळ आसा माझा."

अण्णा म्हणाले, "तिला साधा ताप आहे. बडबडते."

येताना त्याने नाकाला रुमाल बांधला, सगळ्या काचा खाली केल्या. पवईला तलाव दिसला तेव्हा ताईने मान बाहेर काढली आणि अंधेरीपर्यंत तशीच बसली. घरी सामान उतरवल्यावर त्याने रुमाल सोडला. "बाय, हॉस्पिटलात जा गो," तिला म्हणाला आणि मोटार वळवून निघून गेला.

काकूंनी विचारलं, इतक्या लवकर? अण्णा म्हणाले, थंडी फार होती हो.

त्यानंतर अण्णांनी ताईशी बोलणं टाकलं. परक्या माणसापुढे घराची अब्रू घालवली म्हणून. दवाखान्याचं नाव पुन्हा निघालं नाही. वैशाखात माझं लग्न झालं, सनई चालू असताना ती मागच्या खोलीत कडी लावून होती. श्रावणात गेली. समाचाराला आलेल्यांना आईने ताप सांगितला, आणि पुढे आयुष्यभर तापच सांगितला.

अण्णांचा मला आजही राग येतो, ते जाऊन कितीतरी वर्षं झाली तरी. कुणाचं तरी रांगतं मूल ताईने एका वाक्याने जपलं. तेच वाक्य अण्णांनी दवाखान्याच्या दारात जाऊन म्हणायचं होतं, एवढंच.