लॅपटॉपची तक्रारवही

माझ्यासमोर आमच्या लेकीचा लॅपटॉप पहिल्यांदा बंद पडला तेव्हा ती ओरडली नाही, त्यावरूनच मला कळलं की हे आधीही झालेलं आहे. मी पडवीत शेंगा फोडत बसलो होतो. आत डोकावलो तर पडद्यावर हिरव्या-जांभळ्या उभ्या पट्ट्या, आणि पोरगी हनुवटीला हात लावून त्यांच्याकडे बघत बसलेली. मग पडदा काळा झाला आणि यंत्र आपलं आपणच पुन्हा सुरू झालं.

"कधीपास्नं चाललंय हे?"

"आठ दिस झाले, आप्पा. कधीबी बंद पडतोय."

'कधीबी' हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. बत्तीस वर्षं मी श्रीगोंद्याला बसच्या आगारात मेकॅनिक होतो. ड्रायव्हर लोक तक्रारवहीत लिहायचे, 'गाडी ओढत नाही', आणि चहाला निघून जायचे. अरे, कुठे ओढत नाही? चढाला की सपाटीला? भरलेली की रिकामी? मी चहाच्या टपरीवर जाऊन त्यांना गाठायचो आणि विचारून विचारून भंडावून सोडायचो. यंत्र कधीही बंद पडत नसतं. ते त्याच्या वेळेला, त्याच्या कारणानं बंद पडतं. ती वेळ ज्याला सापडली त्याला अर्धा रोग सापडला.

लेक पुण्यात आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होती आणि प्रकल्प पुरा करायला घरी आली होती. शेवटचा प्रकल्प म्हणून तिनं आमच्या काष्टीचा बाजारतळ घेतला होता. जनावरांना सावली आणि पाण्याची टाकी, भाजीवाल्यांना ओटे, आणि बायकांसाठी दारं लागणारी स्वच्छतागृहं. तिच्या आईनं त्या बाजारात पंधरा वर्षं मेथी-कोथिंबीर विकली आहे. सकाळी घरून निघाली की संध्याकाळी घरी येईपर्यंत ती पाणी प्यायची नाही. का प्यायची नाही, ते मला पोरीचा नकाशा बघून कळलं. नवरा म्हणून मला त्याची लाज वाटली.

तर त्या बाजारतळातून आपण चालत फिरतोय असा एक चलतपट कॉलेजात दाखवायचा होता. तो लॅपटॉपवर तयार व्हायला दोन-अडीच तास लागणार होते आणि लॅपटॉप दहा मिनिटंही तग धरत नव्हता. परीक्षेला अकरा दिवस होते. मैत्रिणींचे लॅपटॉप त्यांच्याच कामात अडकलेले. चलतपट नाही तर परीक्षा नाही आणि परीक्षा नाही तर वर्ष गेलं, असा सरळ हिशेब होता.

मी काय केलं? आधी तोंड सोडलं. "गादीवर घिऊन बसतीस, त्याला वारं कुठनं लागंल? पांघरुणात यंत्र ठेवत्यात व्हय कुनी?" ती म्हणाली, "आप्पा, मी टेबलावरच बसतीया." मी ऐकलं नाही. पुढचे दोन दिवस जो घरी येईल त्याच्यासमोर माझं हेच पालुपद. चुलते आले, त्यांना सांगितलं. शेजारीण विरजण मागायला आली, तिलाही सांगितलं. पोरगी मान खाली घालून ऐकत होती.

तिसऱ्या दिवशी आम्ही श्रीगोंद्याला एका दुकानात लॅपटॉप दाखवला. दुकानदारानं तो सुरू केला, पट्ट्या आल्या, त्यानं बंद केला. "काका, ग्राफिक्सची चिप गेली. बोर्ड बदलावा लागंल. पुन्याला पाठवू, पंधरा-वीस दिवस धरा."

"ग्राफिक्स म्हंजी नक्की काय?"

"पडद्यावर जे चित्र दिसतंय ना, ते काढनारी चिप. साध्या कामाला एक असती, जड कामाला दुसरी. तुमची जड कामाची गेली."

"उघडून बघितली का?"

"बघायची गरज न्हाई काका, लक्षणं सांगत्यात."

लक्षणावरून इंजिन उतरवणारे मेकॅनिक मी पुष्कळ पाहिले आहेत. उतरवलेल्या दहा इंजिनांत चार तरी विनाकारण उतरवलेली असायची. मी लॅपटॉप उचलला आणि म्हणालो, "चल गं." बाहेर आल्यावर लेकीच्या डोळ्यांत पाणी होतं. "आप्पा, तुमी बसचे मेकॅनिक हाय," ती म्हणाली. मी म्हणालो, "व्हय, मग?" आणि काष्टीची गाडी येतेय का ते बघायला रस्त्याकडे तोंड केलं.

घरी आल्यावर मी एक शंभरपानी वही काढली आणि आगारातल्या तक्रारवहीसारखे चार रकाने आखले. पहिला तक्रारीचा, दुसरा तपासणीचा, तिसरा कारणाचा. चौथ्या रकान्यात ड्रायव्हरनं गाडी चालवून पाहायची आणि सही करायची. ती सही नसेल तर गाडी आगाराबाहेर जात नसे. आमच्या आगारात आणखी एक रीत होती, आणि ती लावणारा मीच. मेकॅनिकच्या चुकीनं गाडी बिघडली असेल तर कारणाच्या रकान्यात त्यानं स्वतःच्या हातानं तसं लिहायचं. त्या रीतीपायी माझ्याशी कितीतरी जण महिना महिना बोलले नाहीत.

पोरीला सांगितलं, "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की कशानं गुण आला ते कळत न्हाई."

तिनं मान हलवली. तिलाही चीड आली होती, आणि ती चीड मला बरी वाटली.

आधी तिनं ते चित्र काढणाऱ्या चिपचं सॉफ्टवेअर काढून नव्यानं टाकलं. त्याला ड्रायव्हर म्हणतात हे कळल्यावर मला हसू आलं. इथंही पहिला आळ बिचाऱ्या ड्रायव्हरवरच! फरक पडला नाही. लिहिलं. मग लॅपटॉप घरातल्या टीव्हीला जोडला. त्याच पट्ट्या टीव्हीवरही आल्या, म्हणजे लॅपटॉपचा पडदा आणि त्याची वायर निर्दोष. तेही लिहिलं. मग वीज. आमच्याकडे विजेचा दाब शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की खाली बसतो, म्हणून चार्जर काढून बॅटरीवर चालवला. बंद पडला, पण उशिरा पडला. का, ते कळेना. मग तिनं जड काम न लावता नुसती कागदपत्रं उघडून ठेवली. तीन तास यंत्र ठणठणीत.

"म्हंजी सपाटीला पळतंय," मी म्हणालो. "चढाला बसतंय."

लेक वहीकडे बघत राहिली आणि एकदम म्हणाली, "आप्पा, तापत असंल का? बॅटरीवर ते जोर कमी लावतं. म्हनून उशिरा बंद पडलं असंल."

मला फार आनंद झाला. तिनं आतल्या उष्णतेचे आकडे दाखवणारं एक सॉफ्टवेअर उघडलं, जड काम लावलं, आणि मी घड्याळ धरून बसलो. साध्या कामाच्या चिपचा आकडा सत्तरीत रेंगाळला. जड कामाची चिप मात्र चढतच गेली. सहाव्या मिनिटाला पंच्याण्णवच्या वर, आणि पट्ट्या! लागोपाठ तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. रोगानं आपली वेळ सांगितली होती.

"आत पंखं किती हाय?"

"दोन. साध्या चिपचा डावीकडं, जड चिपचा उजवीकडं."

मी माझा लांब स्क्रूड्रायव्हर आणला. बेअरिंगचा आवाज ऐकायला आम्ही त्याचं टोक इंजिनावर टेकवतो आणि मूठ कानाला लावतो. बत्तीस वर्षं मी असंच ऐकत आलोय. टोक लॅपटॉपच्या डाव्या अंगाला टेकवलं. आत पंखा भुणभुणत होता. उजव्या अंगाला टेकवलं. काही नाही. पुन्हा टेकवलं, श्वास धरून ऐकलं. मढ्यासारखं गप्प.

"हा पंखा फिरतच न्हाई," मी म्हणालो.

लेक दचकलीच. "दिवाळीत तिकडनं कटकट आवाज येत हुता. मी तुमाला सांगितलं हुतं, आप्पा. तुमी म्हनलात, आवाज थांबला ना, मग झालं."

म्हणालो होतो खरं. आगारात एखादा शिकाऊ पोरगा असं बोलला असता तर मी त्याच्या अंगावर पाना फेकला असता. आवाज आपोआप थांबतो तेव्हा दुखणं बरं झालेलं नसतं, काहीतरी कायमचं अडकलेलं असतं. दुसऱ्याला शिकवताना हे तोंडपाठ, आणि घरात विसरलो.

दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता. बायको बाजाराला गेली. लेक पडवीत बसून मोठ्या कागदांवर हातानं नकाशे काढायला लागली, न जाणो लागलेच तर म्हणून. मी आत वर्तमानपत्र अंथरलं, त्यावर लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढलं आणि निघेल तो स्क्रू त्याच्या जागेवर ठेवत गेलो. मोबाईलवर तिनं उघडण्याची रीत लावून दिली होती. आधी बॅटरीची वायर सोडवली. मग चष्मा पुसून उजव्या पंख्यात बघितलं.

पंख्याचं पातं आणि त्याची कड यांच्यामध्ये तांदळाचा एक दाणा पाचरीसारखा बसला होता. बारीक दाणा, कुंकवानं लाल झालेला. शेजारच्या जाळीतही कुंकू बसलं होतं, तेलकट, थरावर थर.

मी हातातला चिमटा खाली ठेवला.

खंडेनवमीला आमच्या घरी अवजारांची पूजा असते. विळे, कुदळ, माझे पाने, शिलाई मशीन, सगळं पाटांवर मांडतात. ह्या वर्षी लॅपटॉपही मांडला. बायकोनं कलशाखाली घालतो तसे पाटावर तांदूळ पसरले. तिच्या बहिणीनं अकोले तालुक्यातून पाठवलेला बारीक तांदूळ होता तो, कुंकू लावलेला. लेक म्हणाली होती, "आप्पा, बंद करून ठिवते हां." आणि मी सगळ्यांसमोर तिच्यावर खेकसलो होतो, "बंद गाडीची पूजा करत्यात व्हय? चालू कर!" आगारात खंडेनवमीला आम्ही गाड्यांना हार घालून इंजिनं सुरू ठेवायचो. सुरू यंत्रालाच हळदीकुंकू, ही माझी रीत. लॅपटॉपचे पंखे पोटाखालून हवा ओढतात. पोटाखाली तांदूळ आणि कुंकू. मी आरती होईपर्यंत ते त्याला ओढायला लावलं होतं.

मग दिवाळीभर तो दाणा आत कटकट करत फिरला असणार आणि शेवटी अडकला. तोपर्यंत पोरीचं काम हलकं होतं. चढ लागला तेव्हा यंत्र बसलं.

इतके दिवस मी चोर सोडून संन्याशाला सुळी देत होतो, आणि चोर मी होतो.

खरं सांगतो, माझ्या मनात पाप आलं. दाणा फुंकरीनं उडवून द्यायचा, कुंकू ब्रशनं झाडायचं, आणि बाहेर जाऊन म्हणायचं, "धूळ हुती गं." कोण बघत होतं? तिनं धुळीवर विश्वास ठेवला असता. वर दोन शब्द गादीबद्दल मीच सुनावले असते, स्वतःला मी ओळखतो.

दाणा चिमट्यानं काढला. पंख्याला बोट लावलं, तो गरकन फिरला. जाळी कोरड्या ब्रशनं साफ केली, स्क्रू ज्याचे त्याच्या जागी लावले. एकही उरला नाही, तेवढा अभिमान राहू द्या. मग वही उघडली. कारणाचा रकाना रिकामा होता. पेन घेतला तरी हात पुढे जाईना. मग आगारातल्या त्या सगळ्यांची तोंडं आठवली, ज्यांच्या डोक्यावर उभं राहून मी हे लिहून घेतलं होतं. लिहिलं: 'खंडेनवमीला यंत्र चालू ठेवून तांदळावर ठेवले. लेक नको म्हणत होती. चूक माझी.' खाली सही केली. दाणा त्या पानावर चिकटपट्टीनं चिकटवला.

पडवीत गेलो आणि वही तिच्या नकाशावर ठेवली. तिनं वाचलं. दाण्यावरून बोट फिरवलं. मला वाटलं, हिनं आता चार शब्द सुनावले तर बरं होईल.

"मी लई बोललो तुला," मी म्हणालो. "चारचौघांत बोललो. चुकलं माझं."

ती उठून आत गेली. लॅपटॉप टेबलावर ठेवला, चार्जर लावला, जड काम लावलं. मी दारात उभा. सहावं मिनिट आलं आणि गेलं. आकडा पंचाहत्तरवर थांबला. अर्धा तास, तास, दोन तास. आम्ही दोघंही जेवायला उठलो नाही. बायको बाजारातून आली, पिशव्या खाली ठेवल्या आणि आमच्यामागे उभी राहिली. पडद्यावर चलतपट पुरा झाला तेव्हा बाजारतळ उभा होता. ओटे होते, सावली होती, आणि एका ओट्यावर मेथीच्या जुड्या मांडून एक बाई बसली होती. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता.

"ही मी हाय व्हय गं?" बायकोनं विचारलं.

लेक हो म्हणाली. मग तिनं वही ओढली, चौथ्या रकान्यात काहीतरी लिहिलं आणि मला दिली. मी चष्मा शोधेपर्यंत ती आईला बिलगली होती. वाचलं. आगारात मी हजारदा वाचलेली ओळ, ड्रायव्हर घाईत खरडायचे ती. ह्या वेळी अक्षर सावकाश, वळणदार होतं:

'चालवून पाहिली. तक्रार नाही.'

आणि खाली माझ्या लेकीची सही.