मूठभर कोंड्याचं लेकरू

आमच्या गावात लेकरं कमी झाली आहेत हे मला कळलं ते सुतारामुळं. त्याच्या दारात नांगर असत, वखर असत, गाडीची चाकं असत, पण पाळणा मी कधी पाहिला नव्हता. एकदा विचारलं, तर तो म्हणाला, "कोणासाठी करू पोरी? आपल्या गावात आता म्हातारेच निपजून राहिले."

गोष्ट निजामाच्या राजवटीतली, दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या जरा आधीची. पटकीनं गावातली घरंच्या घरं नेली होती. उरलेल्यांतली तरणी जोडपी हिंगोलीला कापसाच्या जिनिंगात कामाला गेली आणि तिकडचीच झाली. जन्मलेली लेकरंही टिकत नसत. शेजारच्या गोरेगावच्या बाजारात आमच्या गावाचा विषय निघाला की बाया चुकचुकायच्या.

मला मात्र गावाचं काही पडलं नव्हतं. मला पडलं होतं शाळेचं! मारुतीच्या मंडपात भरणाऱ्या त्या शाळेत चार-पाच पोरांत मी एकटी मुलगी होते आणि त्याचा मला केवढा तोरा होता! बानं सांगून ठेवलं होतं, "शाळा हाय तवर शिक. चौथी झाली की लगीन." उशिरा शाळेत घातलेली मी बारा वर्षांची होऊनही दुसरीत होते. म्हणजे दोन वर्षं हक्काची. आणि एके दिवशी मास्तर पडल्या चेहऱ्यानं म्हणाले की हिंगोलीहून तालीम खात्याचे, म्हणजे शिक्षणखात्याचे, साहेब येणार, गावात शाळेजोगी वीस लेकरं दिसली नाहीत तर शाळा बंद. संध्याकाळी बानं ते ऐकलं आणि जेवता जेवता माझ्या मामाच्या गावच्या एका स्थळाची गोष्ट काढली. मी अर्ध्या भाकरीवरून उठले.

गंमत अशी, की तेवढी लेकरं गावात होती. पण ती कुणाला सापडत नव्हती. लेकरं मोजू द्यायची नाहीत, असा आमच्याकडच्या बायांचा नेमच होता. आकडा तोंडातून निघाला की नजर लागते, आणि नजर लागली की आकडा कमी होतो. इतकी लेकरं गेलेली, मग उरलेली कोण मोजू देईल? मास्तर दारात आले की बाया खुशाल सांगत, "न्हाई जी, आमच्या घरी लेकरू न्हाई." आणि आत कणगीमागं कुणीतरी शिंकायचं.

माझी माय तर सगळ्यांच्या वरताण. माझ्यामागची तिची तीन लेकरं गेली. चौथा मुलगा झाला तेव्हा तिनं त्याला पाचवीलाच शेजारच्या काकीला विकून टाकलं, मूठभर कोंड्याच्या बदल्यात. हे नावापुरतंच असतं. पोर आपल्याच घरात वाढतं, पण परक्याचं म्हणून. दैवाला वाटावं, हे फुकटातलं पोर, कशाला न्यायचं? बाकीच्या बाया वर्षभरानं कोंडा परत देऊन लेकरू सोडवून आणत. मायची छाती झाली नाही. तो सहा वर्षांचा झाला, नाकात बाळी घालून आमच्या ओसरीवर झोपत होता, आणि तरीही शेजारच्या बिनलेकराच्या काकीला 'माय' म्हणत होता. माझ्या मायला तो 'काकी' म्हणायचा. मीही त्याला भाऊ म्हणायचं नाही, अशी मला ताकीद होती.

साहेब बैलांच्या दमणीतून उतरले. गोंड्याची रुमी टोपी, शेरवानी, पण माणूस हसरा. मास्तर त्यांना घरोघर घेऊन गेले आणि घरं दाखवायला पुढं मी! दारोदार एकच उत्तर. "न्हाई जी." "न्हाई साहेब." काकीनं तर खरंच सांगितलं, "मला मूलबाळ न्हाई." माय उंबऱ्यात येऊन म्हणाली, "ही एकलीच पोर हाय जी." शेवटी साहेब पारावर टेकले आणि टोपी काढून वारा घेत म्हणाले, "गांव में बच्चेच नैं, तो मदरसा कायकू?"

मामाच्या गावचं ते स्थळ डोळ्यांपुढं उभं राहिलं, मिशांसकट. मी पारावर चढले आणि जीव काढून ओरडले, "दरवेशी आला रे! अस्वल आणलं! नाचून राहिलं!"

काय सांगू! गाव फुटलं! कणगीमागून पोरं, कडब्यातून पोरं, माळवदावरून पोरं! कुणाच्या डोक्याला भुसा, कुणाची चड्डी हातात. ओढ्यापलीकडच्या लमाणांच्या तांड्यावरची पोरंसुद्धा पाणी तुडवत धावली. "कुठंय अस्वल? कुठंय?" मागून त्यांच्या आया, पदर खोचून, मला शिव्या घालत. साहेब पोट धरून हसले. मी उड्या मारत होते. इतकी लेकरं! आमच्या आटलेल्या गावात इतकी लेकरं!

हसू ओसरल्यावर साहेब म्हणाले, "जिस का बच्चा उनो हाथ पकड के बोलो, मेरा है बोलके. आणि शाळेत पाठवतो म्हणायचं." मग तांड्यावरची एक बाई पुढं झाली, दोन पोरांना दोन हातांनी बखोट्याला धरून म्हणाली, "माझी हायत. पाठवते." ती बोलली तशी दुसरी पुढं सरली, तिसरी सरली. कुणी हळूच, कुणी तोंडावर पदर घेऊन. मास्तर पुटपुटत मोजत होते. शाळेतली आम्ही धरून एकोणीस झाली, आणि पाराशी नाकात बाळी घातलेलं एकच पोरगं उरलं.

"हे कोणाचं?" साहेबांनी विचारलं.

"माझं," काकी चटकन म्हणाली.

"मघाशी तर न्हाई म्हणालीस, बाई."

काकी ओशाळली. सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. दुसऱ्याच्या लेकराचं सांगायचं कुणी, आणि उद्या काही झालं तर? मी मायकडं पाहिलं. मला शाळा हवी होती. पण त्या क्षणी, खरंच सांगते, मला वाटलं की तिनं बोलू नये. ते तीन रिकामे झालेले पाळणे मलाही आठवत होते.

माय पुढं आली. तिचे ओठ पांढरे पडले होते. तिनं त्याचं मनगट इतकं घट्ट धरलं की तो कळवळला.

"माझा हाय," ती म्हणाली. मग जोरात, देवळातल्या मारुतीलाही ऐकू जाईल अशी, "माझा हाय साहेब! माझ्या पोटचा हाय!"

शाळा राहिली! मी घरापर्यंत धावत गेले, परत आले, पुन्हा धावले. बा म्हणाला, "बरं बाई, होऊ दे चौथी," आणि मामाच्या गावचं स्थळ त्या दिवसापुरतं तरी संपलं. तिकडं मायनं सुपात कोंडा घेतला आणि काकीच्या दारात गेली. काकीनं कोंडा पदरात घेतला, पण डोळे पुसत म्हणाली, "लई स्वस्तात नेऊन राहिलीस गं." मग दोघी मिळून पोराची मीठमिरच्यांनी दृष्ट काढत बसल्या. ठसक्यानं सगळं घर खोकत होतं.

तो मात्र गोंधळून गेला होता. चुलीजवळ आला, मायकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली.

"माय," त्यानं हाक मारली.

मायनं घाईनं दाराकडं पाहिलं. "हळू म्हण रं, हळू."

तिनं भाकरी उलटली. भाकरी करपेपर्यंत ती तव्याकडं बघत राहिली आणि मग मान वर न करता म्हणाली, "अजून एकडाव म्हण."