कोऱ्यात काय आलं?

विश्रामबागच्या कॉलेजात सुलभाबाईंच्या प्रयोगशाळेत शिरायचं तर आधी दारात बाही पुढे करायची. कापडाच्या दुकानात बघतात तशी ती चिमटीत चोळून बाई विचारत, "सुती ना?" मी प्लास्टिकविरोधी पत्रकं काढणारा, मदतीला गेलो तर मला पहिल्याच दिवशी परत पाठवलं. जग प्लास्टिकात बुडतंय आणि तुम्ही शर्ट बघताय, असं मी सुनावलं. "तुझा शर्टही प्लास्टिकच आहे," त्या म्हणाल्या.

तपासायला आलेले मुळे आटपाडीच्या तात्यांच्या रानातले. वाफ्यांवर अंथरलेल्या प्लास्टिकच्या मल्चिंग पेपरच्या चिंध्या त्यांनी वर्षानुवर्षं मातीतच नांगरल्या होत्या. विकणारे विकून मोकळे. तो काढायचा कुणी, हे कुणी सांगत नाही. तात्यांनी बाईंना विचारलं, "आमची नातवंडं ह्योच मुळा खात्यात. प्लास्टिक आत चढतंय का न्हाई, तेवडं सांगा."

बाई मुळा सोलून रसायनात विरघळवत, गाळत, गाळावर रंग टाकत. प्लास्टिक असेल तर ते सूक्ष्मदर्शकाखाली चमकतं. शेजारी मुळ्याशिवाय, नुसत्या पाण्यावर तीच उठाठेव, बाहेरचं काही मिसळतंय का ते कळायला. त्याला त्या 'कोरा' म्हणत. कुणी निकाल दाखवला की त्यांचा पहिला प्रश्न, "कोऱ्यात काय आलं?" तात्यांना वाटलं, चहाचं चाललंय. "आवं, कोरा कशापायी? दूध आणलंय की मी."

संक्रांतीच्या सुमारास मुळ्यात लाल तंतू चमकले. मी पत्रकाचा मथळाही ठरवला: तुमच्या ताटात प्लास्टिक! निवृत्तीआधी निकाल लागला म्हणून बाईही खुशीत. मग त्यांनी कोरा पाहिला. त्यातही तसेच तंतू. त्यांनी स्वतःचाच पदर चिमटीत चोळला. स्टाफरूममधल्या हळदीकुंकवाहून त्या तशाच आल्या होत्या, नकली रेशमी साडीत.

"मुळ्याचं नाही रे, हे माझ्या पदराचं," त्या हसल्या आणि निकाल रद्द केला. मी भांडलो, थोडं तरी मुळ्यातलं असेलच की. "असेल. पण नुसतं 'असेल' सांगायला आटपाडीला जायचं का?"

सगळं पुन्हा केलं. या खेपेला कोरा स्वच्छ निघाला आणि मुळ्यात काही कण दिसलेच. बाई स्वतः आटपाडीला गेल्या. "थोडं चढलंय. अपाय किती, ते मला माहीत नाही, कुणालाच नीट माहीत नाही. घरचा मुळा पेपर न घातलेल्या वाफ्यात लावा, तोही तपासून देते."

"आन बाजारचा?"

तात्यांनी विचारलं. मग तेच म्हणाले, "लोकांची बी पोरंच की," आणि चिंध्या वेचायला वाकले. बाईही पदर खोचून बसल्या.

पत्रक मी छापलं, बाईंच्याच वाक्यांत. मित्र म्हणतात, मवाळ झालंय. असू दे. अजून एकाही मल्चिंग पेपर विकणाऱ्याला ते खोटं पाडता आलेलं नाही.