बोडण पुरं होईपर्यंत

त्या उन्हाळ्यात मी देवाला फार त्रास दिला. आधी नवस जास्त आणि तक्रारी कमी, मग तक्रारी जास्त आणि नवस कमी, असा माझा क्रम होता. रत्नागिरीतल्या एका शाळेत मी सव्वीस वर्षं गणित शिकवते. पायऱ्या नीट मांडल्या की उत्तर आलंच पाहिजे, यावर माझा देवापेक्षा थोडा जास्तच विश्वास. एप्रिलअखेर निकाल लावून मी सुट्टीला मोकळी झाले आणि त्याच आठवड्यात आमच्या निनादचे निरोप यायचे बंद झाले. निनाद आमचा एकुलता एक मुलगा, मालवाहू जहाजावर इंजिनाकडे काम करतो. जिथे असेल तिथून दिवसातून एक शब्द तरी पाठवायचा, 'जेवलो' नाहीतर 'झोपतो'. मी त्यावर अंगठ्याचं चित्र पाठवायची आणि आमचं मायलेकरांचं बोलणं संपायचं. तो एक शब्द यायचा थांबल्यावर मला कळलं की माझा सगळा दिवस त्या शब्दाला टांगलेला होता.

जहाज कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात फोन केला तर सांगितलं की जहाज आफ्रिकेकडच्या एका बंदराबाहेर नांगर टाकून उभं आहे, सगळं ठीक आहे, काळजी करू नका. 'तुमचा मुलगा हुशार आहे, फक्त लक्ष देत नाही' हे मी पालकांना ज्या सुरात सांगते, अगदी त्याच सुरात. त्यामुळे माझा त्यावर अजिबात विश्वास बसला नाही.

सुट्टीचे बेत आधीच ठरलेले होते. देवरूखला पुतण्याचं लग्न, मुरुडला बहिणीच्या मुलाची मुंज आणि शेवटी मालगुंडला थोरल्या दिरांकडे कुलाचार. घरी बसून तरी काय करणार, म्हणून निघालो. लग्नाचे फोटो नंतर पाहिले. मंगलाष्टकं चालू आहेत, सगळे नवरानवरीकडे बघताहेत आणि एकटी मी डाव्या हातातल्या फोनकडे. दुसऱ्या दिवशी मार्लेश्वरच्या पायऱ्या चढले आणि अभिषेक बोलले. मुरुडला बहिणीने माझ्या आवडीचा कापा फणस राखून ठेवला होता. ओटीवर पत्त्यांचा डाव रंगला होता. आतेभाऊ, मावसबहिणी, वर्षानुवर्षं न भेटलेली माणसं भेटत होती. मी गरे तोंडात टाकत होते आणि ते गरे होते की कापूस, हे विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. ज्या समुद्राकडे बघायला लोक लांबून गाड्या करून येतात, त्याच्याकडे मी संशयाने बघत होते. तिथल्या देवीला पाच मंगळवार बोलले. परतताना गणपतीपुळ्याला एकवीस प्रदक्षिणा बोलले. शेवटी आमचे हे म्हणाले, "अगं, कामगिरी कोणाकडे द्यायची ते देवांना आपापसात ठरवू तरी दे." मी त्यांच्याशी दिवसभर बोलले नाही. खरं म्हणजे त्यांनाही झोप लागत नव्हती. ते फक्त माझ्यापेक्षा बरं लपवत होते.

मालगुंडला पोचलो तेव्हा एकोणीस दिवस झाले होते. तिथे नव्या सुनेच्या गृहप्रवेशानंतरचं बोडण भरायचं होतं. आमच्या कोकणस्थांच्या घरात लग्नमुंज झाली की बोडण भरतात. मोठ्या परातीत अन्नपूर्णा ठेवायची, तिच्यावर पुरणावरणाचा नैवेद्य, दूध, दही, तूप, मध, साखर घालायची आणि पाच सुवासिनींनी एका कुमारिकेसोबत ते सगळं हातांनी कालवायचं. कुमारिका म्हणजे त्या वेळेपुरती प्रत्यक्ष देवी. ती मागेल ते यजमानीणीने वाढायचं, आणि ती 'पुरे' म्हणेपर्यंत बाकीच्यांनी परातीतून हात काढायचे नाहीत. त्या खोलीत पुरुषांनी पाऊल टाकायचं नाही. नंतर ते बोडण गायीला घालायचं. हे मी लग्न होऊन आल्यापासून करते आहे, आणि खरं सांगायचं तर दर वेळी मनात म्हणते आहे की एवढं चांगलं पुरण गायीला कशाला.

या वेळी मला त्यात बसायचंच नव्हतं. पण पाचवी सुवासीण ऐनवेळी मिळेना. थोरल्या जाऊबाईंनी, म्हणजे वहिनींनी, मला काही न विचारता रेशमी साडी काढून हातात दिली. मी साडी नेसले, आणि केळ्यांच्या फण्यांमागे खिडकीच्या कट्ट्यावर हळूच फोन ठेवला. वहिनींच्या नजरेतून काही सुटत नाही. म्हणाल्या, "ठेव गो. पण हात मात्र दोन्ही परातीत हवेत हो."

कुमारिका म्हणून शेजारची ओवी आली होती. सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले, कपाळावर मळवट भरलेला. आम्ही पाचजणी आणि ती, परातीभोवती गोल बसलो. दार लोटून घेतलं. पूजा झाली, आरत्या ओवाळल्या, आणि बारा हात परातीत गेले. पुरण अजून कोमट होतं, दही गार. वहिनी अधूनमधून माखल्या डाव्या हाताने तांब्या उचलून विचारायच्या, "आई, आणखी काय हवं?" आणि ओवी गंभीरपणे सांगायची, "दूध." मी कालवत होते आणि मनात दिवस मोजत होते.

तेवढ्यात फोन वाजला.

माझ्या फोनवर माझ्या बहिणीची एक धून, शाळेची एक आणि अनोळखी नंबरांची एक. वाजत होती ती अनोळखी नंबरांची. कट्ट्यावर केळ्यांमागे तो थरथरत होता आणि दारापलीकडून यांचा आवाज आला, "अगं, फोन! तुझा फोन!" त्यांचा हात दाराच्या कडीवर असणार, पण आत येता येत नव्हतं. खोलीतल्या एकूण एक बाईचे हात मनगटापर्यंत माखलेले. मी झटकन हात वर ओढले. बोटांवरून पुरण ओघळत परातीत पडलं. वहिनींनी मला धरलं नाही, ओरडल्याही नाहीत. शांतपणे एवढंच म्हणाल्या, "तिला विचार."

मी, आठवीच्या वर्गाला नजरेने गप्प करणारी बाई, त्या दात पडलेल्या पोरीसमोर बसून विचारू लागले. "आई, मी उठू का?"

ओवीने माझ्याकडे बघितलं. तिला काय कळलं असेल, कोण जाणे. बहुधा काहीच नाही. म्हणाली, "नको. अजून साखर."

हात पुन्हा आत गेले. फोन थांबला. पाच मिनिटांनी पुन्हा वाजला आणि पुन्हा थांबला. त्या मधल्या वेळेबद्दल मी अनेकदा सांगायचा प्रयत्न केला आहे आणि प्रत्येक वेळी काहीतरी निसटतं. पहिल्यांदा संताप आला, तो ओवीचा, वहिनींचा, देवीचा. मग रडू आलं. हात गुंतलेले, त्यामुळे डोळे पुसता येईनात, पदर घेता येईना. नाक गळतं आहे, पाणी हनुवटीवरून परातीत पडतं आहे आणि मी कालवते आहे. नवी सून माझ्याकडे बघून रडू लागली. परातीत कोणाची बोटं कोणती हे कळत नव्हतं. कोणीतरी माझा अंगठा घट्ट धरला, तो कोणाचा हात होता ते मी आजतागायत विचारलं नाही. आणि मग माझं देवाशी चाललेलं बोलणं एकदम थांबलं. एकोणीस दिवस मी त्याला अटी घालत होते. हे दे, मी ते करीन. त्या वेळी माझ्याकडे द्यायला काही उरलं नाही आणि मागायलाही काही सुचलं नाही. निनाद जिथे होता तिथे होता. मी इथे होते. आमच्यामध्ये जे काही होतं तिथपर्यंत माझा हात पोचत नव्हता, आणि तो कधीच पोचत नव्हता. हे मला इतकं साधं, इतकं स्वच्छ दिसलं की मला भीतीच वाटेनाशी झाली.

ओवीने जांभई दिली आणि म्हणाली, "आता पुरे."

परातीतच हात धुतले. वहिनी बोडण गोठ्यात घेऊन गेल्या. मी फोन घेऊन बाहेर आले आणि यांच्या हातात दिला. परदेशातला नंबर, दोन हुकलेले कॉल. यांनी उलट फोन लावला, लागेना. चार वेळा लावला. यांचं तोंड पांढरंफटक पडलं. ते मला काही बोलले असते तर मला चाललं असतं, तो त्यांचा हक्क होता. पण ते माझ्याशेजारी पायरीवर बसले, एवढंच. वहिनींनी ताटं वाढली आणि मी जेवले. पोटभर जेवले. पुरणपोळीवर तूप जास्त पडलं होतं हेसुद्धा मला कळलं. आपला फोन हुकला आहे आणि आपण जेवतो आहोत, याची मला लाज वाटायला हवी होती. ती वाटली नाही.

दुपारी सगळे आडवे झाले होते तेव्हा त्याच नंबरावरून एक फोटो आला. सोबत मोडक्या इंग्रजीत सगळी हकीकत. लिहिणारा केरळचा, जहाजावरचा स्वयंपाकी. हाताला भाजलं म्हणून त्याला होडीतून किनाऱ्यावर डॉक्टरकडे आणलं होतं. जहाजावरची इंटरनेटची यंत्रणा बिघडली होती, म्हणून जो तो त्याच्याकडे घरचे नंबर देत होता. निनादने त्याला तोंडी सांगायला दोन वाक्यं दिली होती आणि विसरू नये म्हणून एक चिठ्ठी. फोन उचलला असता तर तो मला 'सन ओके, नो टेन्शन' एवढं सांगून पुढच्या घरी फोन लावणार होता. मी उचलला नाही. म्हणून त्या भल्या माणसाने, पट्टी बांधलेल्या हाताने, चिठ्ठी उलगडून तिचा फोटो पाठवला.

मुलाचं अक्षर मी सहा वर्षांत पाहिलं नव्हतं. फोन आल्यापासून कोण लिहितं हो. "आई, बाबा, मी बरा आहे. सुटा भाग यायला महिना लागेल म्हणतात, तोवर बोलणं नाही. बाबांच्या गोळ्या बघ. अक्षर वाईट आलंय, रागावू नको, जहाज हलतंय." मी फोटो मोठा करत गेले. 'रागावू'मधली रेघ खरंच एका बाजूला घसरली होती. मी फोन यांच्याकडे दिला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला आणि गोठ्याकडे निघून गेले, गाय बघायला म्हणून.

याला चमत्कार म्हणायचं की योगायोग, हे मी ठरवत नाही. वर्गात मी याला पुरावा म्हणून मान्य केलं नसतं. त्या स्वयंपाक्याला मी कधी पाहिलं नाही, पण तुळशीपाशी दिवा लावताना त्याचा हात बरा होवो असं रोज म्हणते. बोललेले नवस सगळे फेडले, मंगळवारही धरले. नवा मात्र एकही बोलले नाही. पुढचे पस्तीस दिवस निरोप नव्हता. मी अस्वस्थ होतेच, ते काही गेलं नाही. पण सकाळी उठून आंबे उतरवून घेतले, रसाची साटं वाळत घातली, भाच्यांना घेऊन समुद्रावर गेले. वाट बघत थांबणं मला जमत नाही अशी माझी समजूत होती. ते जमतं, फक्त आपल्याला जमवावं लागत नाही.

शाळा सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गावर समीकरणं चालू होती. शिपाई दारात येऊन म्हणाला, "बाई, शिक्षकखोलीत तुमचा फोन वाजतोय कधीचा. परदेशातला दिसतोय." आता मी शांतपणे गणित पूर्ण केलं आणि मग गेले असं लिहिता आलं असतं तर माझंच मला कौतुक वाटलं असतं. खोटं कशाला सांगू, मी धावले. समीकरण अर्धं टाकून, खडू हातात घेऊन, व्हरांड्यातून धावले. मागे चाळीस पोरं खो खो हसत होती. फोन कानाला लावला आणि पलीकडून तो म्हणाला, "आई, जेवलीस?"

मालगुंडला ओवीच्या तोंडून मला बसवून ठेवणारी ती देवी होती. त्या सकाळी मला धावू देणारीही तीच.